चाळीस चुली आणल्या, तेरा खपल्या. चुकतंय कुठं?

माणदेशी_सून

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसती वाचत असते, फार तर शेतीच्या धाग्यावर दोन ओळी टाकते. आज पहिल्यांदाच स्वतःचा धागा काढतेय, कारण प्रकरण माझ्या घराच्या सोप्यात येऊन बसलंय.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात राहते. गाव आणि भोवतीच्या वस्त्या धरून १४ बचत गटांचं काम बघते. दिवाळीनंतर एका संस्थेची माणसं सुधारित चूल घेऊन आली. बाहेरून पत्रा, आत भाजलेल्या मातीचं अस्तर, उंची गुडघ्याएवढी. जळण निम्मं, धूर नावाला. बाजारात म्हणे अडीच हजाराला, आपल्याला ६०० ला, आणि गटाला चुलीमागं ५० रुपये सुटणार. ग्रामपंचायतीपुढं प्रात्यक्षिक झालं. चार काटक्यांवर पातेलंभर चहा उकळला, सगळ्यांनी प्यायला, चाळीसजणींनी नावं दिली. मी लगोलग टेम्पो सांगून चाळीस चुली उतरवून घेतल्या.

चार महिने झाले. तेरा गेल्या. सत्तावीस सोप्यात आहेत आणि आत्या (माझ्या सासूबाई) त्यांच्यावर कांद्याच्या पिशव्या रचतात.

गेल्या तेरांचं तरी काय झालं म्हणून घरोघर जाऊन बघून आले. पाच रोज पेटतात, त्यातली एक एसटी थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर. पाच कधीमधी, म्हणजे संस्थेचा माणूस फोटो काढायला येणार असला की. तीन बंद. बंदपैकी एकीवर पाटी ठेवून खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवलीय. कोंबडीची काही तक्रार नाही.

बाकीच्यांच्या तक्रारी मात्र मी वहीत लिहून घेतल्या, त्या त्यांच्याच शब्दांत देते.

"आगं, हे तोंड बघ केवढं. ह्यात जळाण घालायचं का उदबत्ती?" आमच्याकडं जळण म्हणजे वेड्या बाभळीचे ओंडके, ज्वारीची धसकटं, उन्हाळ्यात लावलेल्या शेण्या. या चुलीला अंगठ्याएवढ्या चिरफळ्या लागतात. कोयता घेऊन त्या फोडत बसायला कोणाला वेळ आहे? आपल्या चुलीत लांबलचक ओंडका घालायचा, जळेल तसा पुढं सारायचा, मधल्या वेळात पीठ मळून होतं.

"भाकरी शेकायची कुठं?" ही सगळ्यात मोठी. भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजली की आपण ती उचलून चुलीच्या तोंडाशी, आहार (निखारे) पुढं ओढून, त्याच्यावर उभी धरतो. तिथं ती फुगते. या चुलीला पुढं आहारच नाही, सगळं पोटात. तव्यावरच दाबून शेकली तर भाकरी होते, पण तिचा पापुद्रा सुटत नाही. आमच्याकडं तसल्या भाकरीला काय म्हणतात ते इथं लिहीत नाही.

"हात भरून येतो." चूल उंच आणि बाई पाटावर बसलेली. दहा-बारा भाकऱ्या खांद्याच्या वर हात करून उलटायच्या. प्रात्यक्षिक टेबलावर होतं, बाई उभी होती, त्यामुळं हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही.

पण मला खरं टोचलं ते एका मालकांचं बोलणं. त्यांच्या बायकोचं नाव यादीत पहिलं होतं. ते म्हणाले, "गॅस इकत घ्यावा, मिक्सर इकत घ्यावा. चूल ही काय इकत घ्यायची वस्तू हाय व्हय?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरंच आहे. चूल आपण घालतो. तळ्याची माती, भुस्सा, थोडं शेण, दोन दिवस वाळवायची की झालं. फुकटात होते आणि आपल्या तव्याच्या, आपल्या हाताच्या मापाची होते.

आता कबुलीजबाब. मी स्वतःसुद्धा ती चूल वापरत नाही. ओट्यावर गॅस आहे, त्यावर चहा, आमटी, पोरांचा डबा. परड्यात चूल आहे, तिच्यावर भाकऱ्या आणि आंघोळीचं पाणी. सर्वेक्षणाला बाई आली होती, तिनं विचारलं, "मुख्य इंधन कोणतं?" मी "गॅस" सांगितलं. खोटं नाही, पण परड्यातली चूल तिच्या कागदावर आलीच नाही.

वरचे साहेब म्हणतात, जनजागृती कमी पडली. मला तसं वाटत नाही. पण मग काय कमी पडलं? चुली परत पाठवू का अजून काही करता येईल? ज्यांनी असलं काम केलंय त्यांनी सांगा.


यंत्रमानव_पुणे

ताई, कामाबद्दल अभिनंदन. तीन दगडांच्या किंवा मातीच्या साध्या चुलीत जळणातली फार तर दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते, चांगल्या सुधारित चुलीत ती दुपटीच्या पुढं जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळं २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. हे आकडे महिलांना नीट समजावून सांगितले, एखादा व्हिडिओ दाखवला, तर नक्की फरक पडेल. शेवटी प्रश्न मानसिकतेचा आहे.


माणदेशी_सून

दादा, आकड्यांबद्दल धन्यवाद. पण धूर वाईट आहे हे आमच्या बायांना व्हिडिओतून कळायचं राहिलेलं नाही, डोळे रोज सांगतात. मी हाच विषय काढला तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "धूर डोळ्यात जातोय, पण पाण्याचा टँकर पंधरा दिसानं येतोय. आधी काय सांगू साहेबाला?"


जुना_विस्तार_अधिकारी

सूनबाई, तुमची वही जपून ठेवा. अशी वही आम्ही ठेवली असती तर सरकारचे बरेच पैसे वाचले असते.

मी ८० च्या दशकाच्या शेवटी पंचायत समितीत लागलो. कुठल्या, ते विचारू नका. तेव्हा निर्धूर चुलीचा कार्यक्रम जोरात होता. केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम, ८० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झालेला, २००२ मध्ये गुंडाळला. देशभरात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या. कागदावर म्हणाल तर खेड्यातलं दर चौथं घर बिनधुराचं व्हायला हवं होतं.

चूल तशी डोक्यानं केलेली होती. साच्यातून काढलेली, पुढं एक भांडं, मागं वैलावर दुसरं, आणि मागून सिमेंटचा पाइप छपराबाहेर. पण धूर पाइपातून जायचा तर दोन्ही तोंडांवर भांडी हवीत. घरात एकच पातेलं चढलं असेल तर मागच्या तोंडातून सगळा धूर स्वयंपाकघरात. बायांनी त्यावर उपाय काढला, मागच्या तोंडावर दगड ठेवला. मग जाळ नीट लागेना म्हणून आतला उंबरठा कोयत्यानं फोडला. फोडल्यावर मोठं लाकूड बसायला लागलं, बाई खूश, आणि आमची निर्धूर चूल झाली साधी चूल, वर पाइपवाली.

त्या पाइपाचं तर पुराणच आहे. धाब्याच्या घराला भोक पाडायचं म्हटलं की घरधनी आडवा यायचा, आणि त्याचं बरोबर होतं. पहिल्याच पावसात पाइपाशेजारून पाणी गळायचं. गवताच्या छपराला ठिणगीची भीती. पाइपात काजळी साठते, ती वरचेवर काढायला हवी. पण काढायची कोणी? बाईनं छपरावर चढायचं? वर्षभरानं गेलो तर निम्मे पाइप चोंदलेले असत. एका ठिकाणी पाइप काढून गोठ्यात म्हशीचं मूत वाहून न्यायला लावला होता. मी त्या माणसाला काय बोलणार? पाइप कामाला आला होता.

आणि धूर सगळ्यांनाच नकोसा असतो असंही नाही. एका आजीनं मला आढ्याकडं बोट दाखवून सांगितलं होतं, धुरामुळं वाशांना वाळवी लागत नाही आणि वर टांगलेलं बियाणं किडत नाही. साहेबांच्या पत्रकात ही ओळ कुठंच नव्हती.

आमचं काम काय, तर मार्चअखेर आकडा पुरा करायचा. चूल बसवली, भिंतीवर रंगानं नंबर टाकला, अंगठा घेतला, पुढचं घर. पेटते का हे बघायचा रकाना तक्त्यात नव्हता. एका वर्षी तर मी एका वस्तीवरच्या चुली दोनदा मोजल्या. नोकरी संपली, आता सांगायला हरकत नाही.

नंतर निवृत्तीत वाचनात आलं की ओडिशात असाच एक अभ्यास झाला. ४४ गावं, सुमारे २६०० घरं, चार वर्षं. पुढं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर फरकच उरला नाही, कारण लोकांनी चुली नीट राखल्या नाहीत आणि वापर घटत गेला. वाचून हसू आलं. आमच्या शिपायानं हे १९९१ सालीच सांगितलं होतं, पण त्याला कोण विचारतो.

तुमच्या चुली परत पाठवायच्या की नाही ते मला सांगता येणार नाही. पण तव्याचं आणि भाकरीचं जे लिहिलंय ते आधी सोडवा. ज्या चुलीवर भाकरी होत नाही ती माणदेशात चूल नव्हे, शेगडी.


सावंतवाडी_ते_नैरोबी

मालवणी माणूस, गेली बारा वर्षं नैरोबीत. एका हार्डवेअरच्या घाऊक दुकानाचे हिशेब बघते. आमच्याकडं चुली विकल्या जातात, आणि बऱ्यापैकी विकल्या जातात, म्हणून लिहावंसं वाटलं.

इथं गरीब वस्तीत स्वयंपाक कोळशावर. कोळशाला स्वाहिलीत मकाआ म्हणतात, शेगडीला जिको. कोपऱ्यावर एक बाई पत्र्याच्या डब्यानं मापून मकाआ विकते आणि बहुतेक घरं रोजचा रोज घेतात. म्हणजे इंधनाचा पैसा रोज खिशातून जाताना दिसतो. तुमच्याकडं वेडी बाभळ फुकट आणि बाईचा वेळही फुकट धरलेला. मग निम्मं जळण वाचतं हे ऐकून कोण पाकीट काढणार? निम्म्या फुकटाची किंमत फुकटच.

१९८० च्या दशकात इथं मातीचं अस्तर घातलेला डमरूच्या आकाराचा जिको आला, थायलंडच्या शेगडीवरून उचललेला. तो वाढला कसा? जुआ काली म्हणतात त्या उन्हात बसून पत्रा ठोकणाऱ्या कारागिरांनी तो करायला घेतला आणि बाजारात गिऱ्हाइकाच्या तोंडावर विकला. गिऱ्हाईक म्हणालं हलतो, तर पुढच्या आठवड्यात पाय रुंद. इथं उगाली करतात, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, तो लाकडी उलथन्यानं दोन हातांनी दाबून घोटावा लागतो. घोटताना शेगडी हलली तर संपलं. म्हणजे तुमची भाकरी तशी त्यांची उगाली. आमच्याकडं येणारी बाई नवी शेगडी घेताना आधी वर हात ठेवून ती हलवून बघते, किंमत मग विचारते.

पण पैसा वाचतोय हे दिसूनही लोक लगेच घेतात असं नाही. इथं सुमारे हजार घरांमध्ये झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. शेगडी ४० डॉलरची, दोन वर्षांत कोळशाचे २३७ डॉलर वाचवणारी. लोक सरासरी द्यायला तयार होते १२ डॉलर! मूर्ख होते म्हणून नव्हे, हातात एकरकमी पैसे नव्हते म्हणून. तेच तीन महिन्यांच्या हप्त्यानं देऊ केल्यावर लोकांनी दुपटीहून जास्त किंमत लावली. आमच्या दुकानातलं पोरगंसुद्धा हे सांगेल, पण आता छापून आलंय म्हणून सांगते.

तेव्हा माझा सल्ला बाजारातला आहे. तुमच्या गावात जळण विकत घेणारं कोण आहे ते आधी हुडका. टपरीवाल्यानं घेतली आणि तो रोज पेटवतो, हे तुम्हीच लिहिलंय. तसे अजून असतील.


पऱ्हाटी

यवतमाळ जिल्ह्यातून. आमच्याकडे पऱ्हाटीचं जळतन, कापूस निघाला की घरामागं ढीग लागते. फुकटच.

मला चुलीपेक्षा गॅसचं बोलायचं आहे, कारण आमच्या गावात कोणाला सुधारित चूल नको, गॅस पाहिजे. आणि गॅस आहे बी. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये निघाली, आठ कोटींचं लक्ष्य २०१९ च्या सप्टेंबरात पुरं झालं. आठ कोटीव्या कनेक्शनचा कार्यक्रम तर आपल्याच राज्यात, औरंगाबादला झाला. माझ्या सासूच्या नावावरही आलं. पण उज्ज्वलाचं घर वर्षाला सरासरी चार-साडेचार सिलिंडर घेते, आणि पुरा स्वयंपाक गॅसवर करायचा तर आठ-नऊ लागतात. मग बाकीचे महिने काय करते ते घर?

माझ्या घरचंच सांगते. पहिला सिलिंडर आषाढात, कारण पऱ्हाटी ओली होते आणि फुंकणी फुंकून जीव जाते. दुसरा दिवाळीत, पाहुणे येतात म्हणून. तिसरा सोंगणी-वेचणीत, जेव्हा मला पहाटे चारला उठून मजुरांच्या आधी वावरात पोचायचं असते. बाकी दिवस सिलिंडर कोपऱ्यात, वरून ओढणी झाकलेली. सासूबाई म्हणते, "गॅस जपून वापर, सरला तर येनाराले चहा कशावर देशील?"

सिलिंडर हा एकदम लागणारा पैसा. आमच्या इथं पोचेपर्यंत नऊशेच्या घरात जाते. उज्ज्वलाचे ३०० रुपये परत येतात, अन् २०२४ पासून राज्याच्या अन्नपूर्णा योजनेचे वर्षाला तीन सिलिंडर आहेत, पण दोन्हीचे पैसे आधी भरायचे अन् मग खात्यात यायची वाट पाहायची. मजुरी मिळते आठवड्याच्या बाजाराला, किराणा होते पन्नास-शंभराचा. नऊशे एका दिवशी कोणाजवळ राहते? मालकाजवळ. अन् मालकाच्या डोळ्यात धूर जात नाही.

बांगलादेशात पण म्हणे हेच दिसलं. चूल फुकट दिली तर बायका धुरापासून वाचवणारी चूल पुरुषांपेक्षा जास्त निवडायच्या. तिलेच थोडी किंमत लावली की बायकांची मागणी खाली, कारण घरात खर्चाचा शब्द त्यांचा नाही. त्याच देशातल्या दुसऱ्या एका अभ्यासात निम्म्या किमतीत चुली देऊनही फारसा फरक पडला नव्हता. तुमच्या चाळीस नावांचं गणित यातच आहे ताई. नावं बायांनी दिली, पैसे मालकांना द्यायचे होते.

(हायवेवर 'चुलीवरचं मटण' अशी पाटी लावून पुण्या-नागपूरची मंडळी दुप्पट पैसे देतात. त्या चुलीपुढं बसलेल्या बाईचे डोळे कोणी पाहत नाही.)


तालुका_डॉक्टर

थोडक्यात लिहितो, ओपीडी आहे.

आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या, पण बिडी ओढणाऱ्यासारखी फुप्फुसं झालेल्या साठीच्या बाया मी दर आठवड्याला बघतो. तेव्हा धूर हा प्रश्न आहेच, कृपया हलक्यात घेऊ नका.

सवयीबद्दल एक. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथं मिळून सुमारे ३२०० गरोदर बायकांची एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना गॅसची शेगडी आणि १८ महिने सिलिंडर फुकट, घरपोच. त्या बायकांनी चूल जवळजवळ सोडली. म्हणजे सिलिंडर दारात येत राहिला तर मानसिकता वगैरे आड येत नाही. पण बाळांचं वजन वाढलेलं दिसलं नाही, हेही खरं, आणि तो निकाल २०२२ मध्ये आला तेव्हा आम्ही सगळेच चमकलो. धूर कमी झाला होता, तरीही. गरोदरपणात मध्येच सुरू केलेला गॅस पुरेसा नसेल, शेजारच्या दहा चुलींचा धूर घरात येतच असेल, कारणं बरीच निघू शकतात. तेव्हा ही चूल घ्या म्हणजे दमा जाईल, असं कोणाला सांगू नका. नाही गेला तर पुढच्या वेळी तुमचं कोणी ऐकणार नाही.


माणदेशी_सून

दोन महिने गायब होते, माफ करा. यात्रा, मग टँकरची धावपळ. काय काय केलं ते सांगते, कारण सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

संस्थेला फोन करून मुदत वाढवून घेतली. मग आधी लोहाराकडं गेले. त्याला चूल दाखवली, तव्याचं आणि भाकरीचं सांगितलं. तो म्हणाला, "वयनी, उद्या या." दुसऱ्या दिवशी त्यानं एक कडं करून ठेवलं होतं. तीन बोटं उंच, तीन पायांचं, चुलीच्या तोंडावर बसतं. एका बाजूला पट्टी सोडून त्यानं तिरकी जाळी जोडलीय, तव्यावरून भाकरी उचलून जाळीला टेकवली की बाजूनं येणारा जाळ तिला लागतो. पहिली भाकरी करपली, दुसरी अर्धी फुगली, चौथीला पापुद्रा सुटला. आहारावरची ती आहारावरचीच, पण खाण्यासारखी झाली. कड्याचे ७० रुपये. उंचीवर उपाय आत्यांनी सांगितला: परड्यात वीतभर खड्डा घेऊन चूल त्यात बसवली. एवढं साधं, आणि मी चार महिने सोप्यात बघत बसले होते.

नैरोबीच्या ताईंचं ऐकून जळण विकत घेणारे हुडकले. भजीवाला, दुसरी टपरी, शेवया-पापडाची ऑर्डर घेणारी एक बाई आणि मोलमजुरीला दुसऱ्या गावाहून येऊन राहिलेलं एक कुटुंब. त्यांना कोणाच्या बांधावरचं लाकूड तोडता येत नाही, मोळी विकत घ्यावी लागते. चौघांनी चार घेतल्या आणि घासाघीस केली नाही. त्या कुटुंबातल्या बाईनं मला उलट विचारलं, "आधी का नाय सांगितलंत?" तिचं नाव माझ्या कुठल्याच गटात नव्हतं, म्हणून.

मग दहाजणींना चूल पंधरा दिवस नुसती वापरायला दिली, कड्यासकट, एक पैसा न घेता. आवडली तर ठेवा, ५० रुपयांनी हप्ता. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी हप्ता घ्यायचा असं ठरवलं. इथं पऱ्हाटीताईंची आठवण आली, कारण म्हशीचं सगळं बाई करते आणि डेअरीचं खातं मालकाच्या नावावर. तरी बिलाच्या दिवशी मालक जरा हसरा असतो, तेवढाच फायदा.

दहापैकी सहाजणींनी ठेवली, चार परत आल्या. एकीच्या सासूनं सांगितलं, घरात लोखंडाची चूल नको, लक्ष्मी मातीच्या चुलीत असते. एकीला अंगठ्याएवढं जळण फोडायचा खरंच वेळ नाही, ती रोज कामाला जाते, तिला मी काय सांगणार. एकीनं कारण दिलं नाही. आणि एकीनं चक्क गॅस भरून आणला! म्हणाली, पंधरा दिवस धूर कमी झाला तशी सवय लागली, आता मोठ्या चुलीपुढं बसवत नाही. तिला मी आमच्या हिशेबात कुठं धरू, ते काका तुम्हीच सांगा, तुमच्या तक्त्यात बसेल का?

ज्या सहाजणींनी ठेवली त्यांनीसुद्धा जुनी चूल मोडलेली नाही. आंघोळीचं पाणी तिच्यावरच. वीस लिटरचं पातेलं नव्या चुलीवर डुगडुगतं, आणि सकाळी पाण्याखालचा जाळ पोरंटोरं, म्हातारी असे कोणीही सारतं, त्याला चिरफळ्या कोण फोडणार. जळण निम्मं वाचतं म्हणणाऱ्यांनी पाणी कशावर तापतं ते बघितलं नव्हतं. मीही नव्हतं बघितलं.

डॉक्टरसाहेब, तुमचं ऐकून दम्याचं नाव काढलं नाही. एवढंच सांगितलं की भांडी कमी काळी होतात. ते लगेच पटलं.

मध्यंतरी वळवाचा पाऊस झाला. सगळ्या जळण झाकायच्या गडबडीत होत्या आणि आमच्या परड्यातली मातीची चूल भिजून खचली. संध्याकाळी बघते तर आत्यांनी कांद्याच्या पिशव्या बाजूला सारून एक चूल स्वतःच बाहेर काढली होती आणि सोप्यातच हुलग्याचं माडगं शिजत ठेवलं होतं. "तुझी मातीची चूल वाळंस्तवर वापरती," म्हणाल्या. मातीची घालून वाळली त्याला आता आठ दिवस झाले. माडगं अजून त्या पत्र्याच्या चुलीवरच शिजतंय. भाकरी नाही.

ती धरून सोप्यात १७ आहेत. लोहार विचारतोय अजून किती कडी करू, पत्रा आणायला म्हसवडला जायचंय त्याला. मी दहा सांगितलीत. कमी पडतील का?